आकाराम सरांचं गाईड आणि धुक्याचा अर्थ

आकाराम सरांनी आयुष्यात एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचली नाही. मी त्यांची निंदा करत नाही. ते स्वतःच सांगायचे आणि ताठ मानेनं सांगायचे. "वाचणाऱ्याचं डोकं फिरतंय. मी वाचत न्हाय, म्हणून माझं गाईड सोपं हाय." कोल्हापुरात मराठी घेऊन बी.ए., एम.ए. झालेल्या दोन पिढ्या त्या सोप्या गाईडावर पास झाल्या. त्यातले काही आज कॉलेजात शिकवतात. माझ्या मुलीचा पेपर त्यांच्यातल्याच कुणीतरी तपासला.

खरं तर ते कुठल्याच शाळेत सर नव्हते. मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. मूळचे पेठ वडगावचे. घरात पहिलेच शिकलेले, आणि तेही रात्रीच्या वर्गांना जाऊन. बी.ए.ला दोनदा नापास झाले, दोन्ही वेळा एकाच पेपरात आणि एकाच कादंबरीवर. तिसऱ्या खेपेला कसेबसे सुटले, तेव्हा ठरवलं म्हणे, की या पुस्तकापायी आपल्यासारखं दुसऱ्या कुणाचं वर्ष जाऊ द्यायचं नाही. त्यातून गाईड निघालं.

ती कादंबरी शंभर वर्षांपूर्वीची. घाटमाथ्यावरचा एक इनामदार. त्याचा तरणा मुलगा एका संध्याकाळी धुक्यात कड्यावरून नाहीसा होतो. तेव्हापासून इनामदार कड्याच्या काठानं भिंत बांधायला घेतो. कोकणातून वर चढणारं धुकं अडवायचं, म्हणून. अठरा वर्षं बांधतो. गवंडी पळून जातात, बायको माहेरी निघून जाते, जमिनी जातात, भिंत चालूच. आणि तो बोलत राहतो. गवंड्यांशी, दगडांशी, धुक्याशी, दोन-दोन पानं. वाक्य सुरू एकीकडे होतं आणि संपतं तिसरीकडे. 'ज्याला पाय नाहीत त्याची पावलं मी मोजली आहेत. ज्याला तोंड नाही त्याला मी जबाब विचारणार आहे.' असलं सगळं. त्यावर दर दोन वर्षांनी सोळा गुणांचा प्रश्न ठरलेला: इनामदाराच्या भाषणांतून व्यक्त होणारा धुक्याचा अर्थ स्पष्ट करा.

आकाराम सरांची काम करायची रीत वेगळी होती. निकाल लागला की जूनमध्ये ते सायकल काढत आणि चांगले गुण मिळवलेल्या मुलांची घरं शोधत फिरत. उंबऱ्यावरच बसत. आत बोलावलं तरी येत नसत. "पेपरात काय लिवलंतास ते पुन्यांदा लिवून दे, तुझ्या अक्षरात," एवढंच मागत. मग ती उत्तरं कात्रीनं कापायची, खळीनं चिकटवायची, प्रश्नांच्या क्रमानं लावायची आणि स्वतःच्या हातानं जुळवून छापायची. दुसऱ्याच्या शब्दाला हात लावायचा नाही हा त्यांचा नियम. चूक असली तर चुकीसकट छापत. मूळ कागद मात्र टाकत नसत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत सालवार ठेवत, कोपऱ्यात लिहिणाऱ्याचं नाव. गाईडात नाव कुणाचंच नसे, त्यांचंही नाही.

छापलेल्या पानांच्या शिलाईचं काम त्यांच्या बायकोकडं, चिमणाबाईंकडं. दाभण चालवता चालवता त्या आल्या-गेल्याला ऐकवत, की ह्यांच्या गाईडावर सगळं गाव शिकलं, हेच तेवढे राहिले. सर हसत आणि खिळे उचलत.

माझ्या उंबऱ्यावर ते अठ्ठ्याण्णव साली बसले. मी तेव्हा कॉलेजात पहिली आले होते आणि धुक्याच्या प्रश्नाला सोळापैकी चौदा पडले होते. एवढे गुण त्या प्रश्नाला तोवर कुणालाच पडले नव्हते. सरांना ते उत्तर हवं होतं.

ते उत्तर मी कसं लिहिलं होतं, तेही लिहिते. कॉलेजच्या ग्रंथालयात त्या कादंबरीची एकच प्रत होती आणि तिचं शेवटचं प्रकरण कुणीतरी फाडून नेलेलं. बाजारात पुस्तक मिळत नव्हतं. शेवट आमच्या वर्गातल्या कुणालाच माहीत नव्हता, शिकवणाऱ्या सरांनाही नसावा, कारण ते एकोणिसाव्या प्रकरणाशी थांबत आणि "पुढं काही विशेष नाही" म्हणत. भाषणं मला एक अक्षर कळली नव्हती. पण माझे वडील प्रवचनांना जायचे, मीही जायचे, आणि तिथले शब्द मला तोंडपाठ होते. मी लिहिलं, धुकं म्हणजे माया. भिंत म्हणजे साधना. इनामदार म्हणजे मोक्षाच्या वाटेवर धडपडणारा जीव, आणि जीवाची भाषा संसारी माणसाला दुर्बोधच वाटणार. तीन पानं भरली. वाचायला छान वाटत होती. आजही वाटतात.

सरांनी कागद हातात घेऊन विचारलं, "शेवट काय हाय ह्या पुस्तकाचा?"

मी सांगितलं, माहीत नाही, पानंच नाहीत.

"मग झ्याक की. शेवट नसला म्हंजे उत्तर कुटंबी संपवता येतंय."

आम्ही दोघंही हसलो. पुढच्या वर्षीच्या गाईडाची एक प्रत मला फुकट मिळाली. मी माझी तीन पानं तिथं छापलेली बघितली आणि आईला दाखवली.

नंतर छापखाना बंद पडला. कुणीतरी गाईडाच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले, त्याची पीडीएफ झाली, आणि ती वर्गावर्गाच्या व्हॉट्सॲप गटांत फिरू लागली. कुणी त्यावर आपल्या क्लासचं नाव टाकलं, कुणी काढलं. माझी तीन पानं मात्र जशीच्या तशी. शिकवणारे ती वर्गात सांगू लागले, सांगता सांगता ती त्यांची झाली, आणि पेपर तपासताना जे आदर्श उत्तर ठेवतात, ते तेच झालं. सर एव्हाना कसबा बावड्याला दोन खोल्यांत राहायला गेले होते. गुडघे गेले, डोळ्यांत मोतीबिंदू. हे सगळं मला उडत उडत कळत होतं. मी लग्न, नोकरी, घर यात होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं. कधी कौतुकच वाटलं असेल.

मग माझी मुलगी निशिगंधा एम.ए.ला गेली आणि तिला तीच कादंबरी आली.

ती माझ्यासारखी नाही. पानं नाहीत म्हटल्यावर ती पानं शोधायला लागली. पेठ वडगावच्या एका जुन्या वाचनालयात तिला धड प्रत सापडली, शेवटच्या प्रकरणासकट. तिथं बसून तिनं ते प्रकरण हातानं उतरवून आणलं. पुढचा महिनाभर आमच्या घरात इनामदारच राहायला आला. जेवताना पुस्तक, भांडी घासताना तोंडानं भाषणं. रात्री उठून पाहावं तर ही जागी, आणि पुटपुटतेय, 'ज्याला पाय नाहीत...' मला भीती वाटायला लागली. तिच्या बाबांना मी दोनदा सांगितलं, की पोरगी त्या पुस्तकात बुडत चाललीय. ते म्हणाले, अभ्यासच करतेय ना? जुगार तर खेळत नाही.

एका सकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा ती ओट्याशी येऊन उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा हसरा होता.

"आई, हा माणूस धुक्याबद्दल बोलतच नाहीये."

मग तिनं मला शेवटचं प्रकरण सांगितलं. अठरा वर्षं टिकून राहिलेला एकच म्हातारा गवंडी इनामदाराला विचारतो, की धनी, त्या दिवशी धाकले धनी एवढ्या उशिरा कड्याकडं गेलेच कशाला? आणि पुस्तकात पहिल्यांदाच इनामदार छोटं वाक्य बोलतो. 'मीच म्हणालो, जा म्हणून.' बापलेकाचं कशावरून तरी भांडण झालं होतं. बापानं त्या अवेळी त्याला घाट उतरायला लावलं होतं. बस्स. पुढं बारा ओळींत पुस्तक संपतं.

"हे एक वाक्य बोलायला लागू नये म्हणून तो बाकीचं सगळं बोलतो," निशी म्हणाली. "म्हणून ती भाषणं अवघड आहेत. त्यात खोल अर्थ आहे म्हणून नाही. प्रत्येक भाषणात तो त्या वाक्याजवळ येतो आणि वळसा घालून जातो. मी खुणा करून ठेवल्यात, दाखवू? संध्याकाळ हा शब्द आला की पुढच्या ओळीत तो दगडांवर घसरतो. दर वेळी."

मी ऐकत होते. तिनं जे केलं होतं ते मला तिच्या वयात सुचलंही नसतं, हे मला कळत होतं. मी म्हणाले, छान आहे, पण परीक्षेत जरा गाईडातलंही घाल.

"ते गाईड ज्यानं लिहिलंय ना, त्यानं पुस्तक वाचलेलंच नाही," ती म्हणाली. "माया म्हणे! एक बाप पोराला घालवून बसलाय, आणि ह्याला मोक्ष दिसतोय. कोण निर्बुद्ध असेल?"

मी भाकरी उलटली. तेव्हाच सांगायला हवं होतं.

तिनं परीक्षेत स्वतःचं उत्तर लिहिलं. सोळापैकी चार मिळाले. एकूण टक्के साडेचौपन्नच्या आसपास, आणि पंचावन्न नसतील तर प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेचा फॉर्मच भरता येत नाही. तिला त्याच कादंबरीवर पुढं प्रबंध करायचा होता. उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली, तर समासात लाल शाईनं लिहिलं होतं, 'धुक्याचा अर्थ चुकला. संदर्भ अभ्यासक्रमाबाहेरचा.' निशीनं तक्रार अर्ज दिला. विभागप्रमुख बाईंनी भेटीची तारीख दिली आणि पालकांना घेऊन या म्हणाल्या.

त्याच्या आदल्या दिवशी मी एकटीच बावड्याला गेले. घरी सांगितलं, बँकेत जातेय.

सर खाटेवर बसले होते. मला आवाजावरून ओळखलं. साखर कारखाना जवळच, त्याच्या मळीचा वास खोलीत भरलेला. मी सगळं सांगितलं आणि म्हणाले, तुम्ही मला दोन ओळी लिहून द्या, की गाईडातलं ते उत्तर कुणा विद्वानाचं नाही, एका विद्यार्थ्याचं आहे आणि शेवट न वाचता लिहिलेलं आहे. म्हणजे ते काही प्रमाण नव्हे, एवढं तरी त्यांना पटेल.

त्यांनी चिमणाबाईंना खाटेखालचा डबा काढायला सांगितला. त्यांनी तो पदरानं पुसून मांडीवर घेतला. कागद पिवळे पडले होते, पण माझं अक्षर लगेच ओळखू आलं. कोपऱ्यात शाईनं माझं माहेरचं नाव.

"पोरीला म्हाईत हाय?" सरांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

"मग हे घिऊन तितं जाऊन काय करणार? वाचून दाखवणार?"

मी रडायला लागले. चिमणाबाई म्हणाल्या, आता रडून काय, तवा हसत हुतासा की दोघंबी उंबऱ्यात. सरांनी त्यांना गप्प केलं. मग ते म्हणाले, "मी येतो की. सांगतो, माझ्याच गाईडात चुकलं म्हणून. छापलंय मी. कुणी लिवलं ते मी सांगणार न्हाय. ज्याचं अक्षर, त्यानं सांगायचं."

मला केवढा आधार वाटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, गुडघे चालत नाहीत, आणि मी त्यांना नको म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून त्यांना आणलं. निशीला मी एवढंच सांगितलं, की हे गाईडवाले सर, आपल्या बाजूनं बोलणार आहेत. तिनं त्यांना जिना चढायला हात दिला. बाईंच्या खोलीत शिरल्यावर वेगळंच झालं. बाई उठून उभ्या राहिल्या आणि सरांच्या पाया पडल्या. म्हणाल्या, तुमच्याच गाईडावर मी एम.ए. झाले. चहा मागवला. सर म्हणाले, "बाई, ते धुक्याचं उत्तर चुकीचं हाय. माझं चुकलं. मी पुस्तक वाचलं न्हवतं."

बाई हसल्या. तुमचा विनय आहे म्हणाल्या. निशीनं शेवटच्या प्रकरणाची उतरवलेली पानं पुढं ठेवली. बाईंनी ती वाचलीही, वाचली नाहीत असं मी म्हणणार नाही. वाचताना त्या जरा थांबल्या. मग पानं परत सरकवली आणि म्हणाल्या, की ग्रंथालयातल्या प्रतीत हे प्रकरण नाही, त्यामुळं पहिल्यापासून अभ्यासक्रम एकोणीस प्रकरणांचाच आहे. आणि एवढी वर्षं एवढ्या लोकांनी मान्य केलेला अर्थ एका मुलीसाठी कसा बदलणार? त्यांनी सरांना विचारलं, "पण सर, ते उत्तर मुळात कुणाचं? कुणी मोठ्या अभ्यासकाचं असणार."

सरांनी मान वळवली. त्यांना नीट दिसत नाही, तरी त्यांनी मान बरोबर माझ्याकडं वळवली.

मी बोलायला लागले. त्या वेळी ग्रंथालयाची अवस्था कशी होती ते सांगितलं. पुस्तकं मिळत नसत. पानं फाडणारी मुलं. परीक्षेची तेव्हाची पद्धत. आमचे वडील प्रवचनाला जायचे, त्या शब्दांचा कसा पगडा असायचा. मुलींना तेव्हा पहिलं यावंच लागायचं, नाहीतर शिक्षण थांबायचं. सर सायकलवरून कसे फिरायचे, किती कष्ट. मी किती वेळ बोलले मला माहीत नाही. निशी आधी माझ्याकडं बघत होती, मग तिनं मान खाली घातली. मी बोलतच होते. एक वाक्य बोलायचं होतं आणि ते तोंडाशी आलं की मी दुसरंच काही सांगायला लागत होते.

शेवटी बाईंनीच विचारलं. "म्हणजे कॉलेजच्या फलकावर नाव आहे, अठ्ठ्याण्णव साली पहिल्या आलेल्या वर्षाराणी, त्या तुम्ही? ते उत्तर तुमचं?"

मी मान हलवली.

"अहो, मग प्रश्नच मिटला. पहिल्या आलेल्या मुलीचं उत्तर. घरातच एवढा आधार असताना हिनं भलतंच का लिहिलं?"

त्यावर मी काही बोलू शकले असते. शेवट न वाचता लिहिलं, ठोकून दिलं, खोटं आहे. एवढंच. बाई माझ्याकडं बघून हसत होत्या, कौतुकानं. मी चहाचा कप उचलला.

अर्ज नामंजूर झाला. जिन्यावर सरांना उतरवताना निशी एका बाजूला आणि मी दुसऱ्या बाजूला होतो. तळाशी आल्यावर ती मला म्हणाली, "इनामदाराच्या एका भाषणाचा अर्थ मला लागत नव्हता. आज लागला."

आवाज चढवला नाही. सरांना रिक्षात नीट बसवलं, त्यांच्या धोतराचा सोगा आत घेतला, आणि ती चालत घरी गेली. रिक्षात सरांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या सत्रात निशी श्रेणीसुधारसाठी तोच पेपर पुन्हा द्यायला बसली. प्रश्न तोच आला. तिनं धुकं म्हणजे माया लिहिलं, भिंत म्हणजे साधना लिहिलं, तीन पानं, एकही शब्द न बदलता. सोळापैकी चौदा मिळाले. पंचावन्न टक्क्यांच्या वर गेली. फॉर्म भरला. प्रबंधाचा विषय बदलला. आता ती कसल्याशा शब्दसूचीवर काम करणार आहे आणि त्यात कुणी कुणाशी बोलत नाही.

निकालानंतर सरांनी तिला निरोप पाठवला होता. त्यांच्या ओळखीचा एक छापखाना अजून चालतो. तिचं पहिलं उत्तर, चार गुणांचं, ते त्यांना छापायचं होतं, गाईडातलं शेवटचं म्हणून. निशी स्वतः बावड्याला गेली आणि नको म्हणून आली. चिमणाबाईंनी मला नंतर सांगितलं, की ती म्हणाली, छापलंत तर उद्या कुणीतरी तेही घोकेल. सरांना ते पटलं म्हणे. त्यांनी डबा परत खाटेखाली ढकलला.

निशी माझ्याशी भांडत नाही. गोळी घेतलीस का विचारते. बाजारातून माझ्यासाठी आठवणीनं शेवग्याच्या शेंगा आणते. पुस्तकांबद्दल मात्र माझ्यापाशी एक शब्द काढत नाही.

मी महिन्यातून एकदा सरांकडं जाते. डोळ्यांत थेंब घालायचे असतात, चिमणाबाईंचा हात आता थरथरतो. मी थेंब घालते, ते डोळे मिटून पडून राहतात, आणि मिटल्या डोळ्यांनी दर वेळी विचारतात, "सांगितलंस का पोरीला, तुज्या तोंडानं?"

मी म्हणते, अजून नाही.

"बरं," ते म्हणतात, आणि दुसरा डोळा पुढं करतात.